विश्लेषण : बालकल्याण समिती जिल्ह्याला, मूल पाड्यावर… दुर्गम भागात बालसंरक्षण का अडते?

आई-वडील गमावलेल्या, टाकून दिलेल्या, छळ सोसणाऱ्या किंवा कामाला जुंपलेल्या मुलाची जबाबदारी कोणी घ्यायची, याचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. आधी घर आणि नातेवाईक, बालगृह सर्वांत शेवटी. मात्र ही काळजी पोहोचवणारी बहुतेक यंत्रणा जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. त्यामुळे भामरागड, धडगाव, धारणी किंवा मोखाड्यातील पाड्यावरच्या मुलाला मदत हवी असेल, तर मदत त्याच्यापर्यंत येत नाही; मुलालाच मदतीपर्यंत जावे लागते. त्यातून काही मुले घरापासून शेकडो किलोमीटरवरील संस्थेत जातात, तर अनेकांची नोंदच होत नाही. असे का होते आणि त्यावर कायद्यातच कोणते उपाय आहेत, याचा आढावा.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या विषयातील मुख्य कायदा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. अनाथ, सोडून दिलेली, पालक असूनही सांभाळ होत नसलेली, बालमजुरी करणारी, अत्याचारग्रस्त आणि बालविवाहाचा धोका असलेली मुले ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले’ या व्याख्येत येतात.

असे मूल सापडल्यास त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. प्रवासाचा वेळ यातून वगळलेला आहे. पोलीस, सरकारी कर्मचारी, परिचारिका, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ता, कोणताही जागरूक नागरिक किंवा स्वतः मूलही समितीपुढे येऊ शकते. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो आणि समितीने मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश करायचा असतो.

मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा, हे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांमध्येच नमूद आहे. आई-वडील नसतील तर नातेवाईक, तेही नसतील तर प्रतिपालक कुटुंब, योग्य ठरवलेली व्यक्ती किंवा दत्तक, असे पर्याय आधी तपासायचे असतात.

यंत्रणा कुठे आहे?

प्रत्येक जिल्ह्यात एक किंवा अधिक बालकल्याण समित्या असाव्यात, असे कायदा म्हणतो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यात किमान एक महिला आणि बालविषयक एक तज्ज्ञ असावा लागतो. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान २० दिवस तिने बसणे अपेक्षित आहे.

तिच्या जोडीला जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संस्थात्मक आणि बिगर संस्थात्मक काळजीसाठी वेगवेगळे संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्र कार्यकर्ते अशी ही रचना आहे. पदे साधारण डझनभर आणि बहुतेक कंत्राटी. यातले गावोगाव फिरणारे हात मोजकेच. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून त्यांचा खर्च भागतो. त्यात महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असा आहे.

पोलिसांकडे जिल्हा पातळीवर विशेष बाल पोलीस पथक आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. तालुका पातळीवर बालसंरक्षणाचे पूर्णवेळ काम करणारा स्वतंत्र कर्मचारी मात्र या रचनेत नाही. तालुक्याला असतो तो एकात्मिक बालविकास प्रकल्पाचा अधिकारी. पोषण आहार, लसीकरण आणि अंगणवाड्यांची कामे आधीच त्याच्याकडे आहेत.

अंतराचा प्रश्न किती मोठा?

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तर संपूर्ण गोवा राज्याचे ३,७०२. म्हणजे एका जिल्ह्यात जवळपास चार गोवे मावतात. तालुके १२ आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख. भामरागड ते गडचिरोली हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. धारणीहून अमरावती गाठायला मेळघाटातील घाटरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठावरील काही गावांना आजही होडी किंवा बार्जचा आधार आहे.

मुलाला घेऊन समितीपुढे जाणाऱ्या आजीला किंवा काकाला या अंतरासाठी किमान दोन दिवस मोडावे लागतात. दोघांचे भाडे, मुक्कामाची सोय आणि बुडालेली मजुरी असा हिशेब होतो. तारीख पुढे गेली, की तो दुप्पट होतो. कायद्याने प्रवासाचा वेळ २४ तासांतून वगळला, पण प्रवासाचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न उरतोच.

दुसरा अडसर भाषेचा. भामरागडचे मूल माडिया बोलते, मेळघाटातले कोरकू, धडगावचे पावरी किंवा भिली. घरात काय घडले हे परक्या शहरात, परक्या माणसांसमोर, न येणाऱ्या भाषेत सांगणे मोठ्यांनाही अवघड जाते. ‘पोक्सो’ कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, पोलीस गणवेशात नसावेत आणि गरज असल्यास दुभाषी द्यावा, असे सांगितले आहे. या बोलींचे प्रशिक्षित दुभाषे तालुक्याच्या पातळीवर मिळाले, तरच या तरतुदीला अर्थ राहतो.

तिसरा अडसर संपर्काचा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. मोबाइलची रेंज असलेल्या गावात ती उपयोगी पडते. रेंजसाठी टेकडीवर चढावे लागणाऱ्या पाड्यावर तक्रार पोहोचते ती अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक किंवा पोलीस पाटलामार्फतच.

इगतपुरीच्या प्रकरणाने काय दाखवले?

सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला. ती अवघी १० वर्षांची होती. काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात कातकरी कुटुंबांतील मुले मेंढ्या राखण्यासाठी मेंढपाळांकडे पाठवली जात असल्याचे त्यानंतर उघड झाले. गुन्हे दाखल झाले, आणखी मुलांची सुटका झाली.

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करतात. वस्तीवर घरे रिकामी होतात, मुलांची शाळेतली हजेरी तुटते. अशा वेळी एखादे मूल कामासाठी बाहेर गेले आहे, की आई-बापांबरोबर आहे, हे कोणाच्याच नोंदीत राहत नाही. हे प्रकरण उघड झाले ते मृत्यूनंतर. शाळा किंवा अंगणवाडीच्या पटावरून गायब झालेल्या मुलाची चौकशी कोणी तरी आधीच करणे शक्य होते का, हा त्यातील खरा प्रश्न.

सुटकेनंतरचा प्रश्नही तितकाच अवघड. वेठबिगारीतून मुक्त झालेल्या बालकासाठी केंद्राच्या २०१६ च्या योजनेत २ लाख रुपयांच्या मदतीची तरतूद आहे. मात्र तिचा मोठा भाग गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेला आहे. तोवर मूल त्याच घरी परतते, जिथे उचल आणि उपासमार दोन्ही कायम असतात. घराला महिन्याचा आधार मिळाला नाही, तर तेच मूल पुन्हा कामावर जाण्याचा धोका असतो.

नातेवाईकांकडे वाढणाऱ्या मुलांना काय मिळते?

दुर्गम भागात आई-वडील गेले, तर मूल सहसा रस्त्यावर येत नाही. आजी, मामा, काका त्याला ठेवून घेतात. ही गावाची स्वतःची काळजीव्यवस्था आहे आणि कायद्यालाही तीच हवी आहे. तिला पैशाचा टेकू देणाऱ्या दोन योजना आहेत.

पहिली राज्याची ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’. एकेकाळी तिच्यात महिन्याला ४२५ रुपये मिळत. २०२१ मध्ये ती रक्कम ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाली. मुलाला १८ व्या वर्षापर्यंत संस्थेऐवजी कुटुंबात वाढता यावे, हा तिचा हेतू. दुसरी ‘मिशन वात्सल्य’मधील प्रायोजकत्व. त्यात महिन्याला ४००० रुपये मिळतात. ग्रामीण भागासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ७२ हजार रुपये आहे.

अडचण सुरू होते ती कागदांपाशी. मुलाचे आणि पालकाचे आधार, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक आणि आई किंवा वडिलांचा मृत्यू दाखला अशी कागदपत्रे जमवावी लागतात. मृत्यू घरीच झाला असेल, तर ग्रामपंचायतीत तो नोंदवलेला असेलच असे नाही. २१ दिवसांत नोंद झाली नाही, तर विलंबाची प्रक्रिया लागते; एक वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ मधील दुरुस्तीपूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागे. आता जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी तो आदेश देऊ शकतात. म्हणजे हे काम तालुक्यातच होऊ शकते. पण ते कोणी तरी करून द्यावे लागते.

वडील वारलेले आणि आई दुसरे घर करून गेलेली, अशा मुलाची स्थिती याहून बिकट. आई हयात, पण सांभाळत नाही. तिच्या मृत्यूचा दाखला निघणार नाही आणि ‘सोडून गेली’ याचा कागद कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. अशा वेळी गृहभेटीचा अहवालच निर्णायक ठरतो. तो लिहिणारा माणूस जिल्ह्याहून यायचा असतो.

प्रतिपालकत्वाचे काय?

नातेवाईक नसलेल्या मुलाला दुसऱ्या कुटुंबात तात्पुरते वाढवणे म्हणजे प्रतिपालकत्व. दत्तकाप्रमाणे यात मुलाचे मूळ कुटुंबाशी नाते तुटत नाही. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयोगटातील अविवाहित, विधवा, विधुर आणि घटस्फोटितांनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली. दोन वर्षे सांभाळल्यानंतर मूल दत्तक घेण्याचा मार्गही खुला केला. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

अर्ज, तपासणी, जुळणी हे सारे आता ऑनलाइन पोर्टलवरून होते. शहरातील शिक्षित कुटुंबाला हे सोपे. पण धडगावच्या मुलाला त्याच्याच भाषेचे, त्याच्याच खोऱ्यातले कुटुंब मिळायचे असेल, तर त्या कुटुंबाने आधी या यादीत यायला हवे. तसे कुटुंब शोधून, त्याची तपासणी करून, त्याला तयार करणारे कोणी तालुक्यात नसेल, तर मुलासाठी उरते ते जिल्ह्याचे किंवा शेजारच्या जिल्ह्याचे बालगृह. तिथे जेवण, शाळा, अंथरूण-पांघरूण मिळते. पण आजीची भेट वर्षातून एखाद वेळी, बोली हळूहळू विसरलेली, आणि १८ व्या वर्षी बाहेर पडताना गावात परतण्याचा धागा तुटलेला, अशी स्थिती होण्याचा धोका असतो.

आश्रमशाळा हेच खरे बालगृह?

आदिवासी भागातील हजारो मुले घराबाहेर वाढतात ती बालगृहांत नव्हे, तर आश्रमशाळांत. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. एक पालक गमावलेले, दारूच्या घरातले, स्थलांतर करणाऱ्या मजुरांचे मूल अनेकदा इथेच दाखल होते. गावाच्या दृष्टीने तीच त्याची सोय असते.

मात्र कागदोपत्री ती शाळा आहे, बालसंगोपन संस्था नव्हे. बाल न्याय कायद्यातील संस्थांना नोंदणी, प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना, समितीच्या भेटी आणि घरी परतण्याचा आढावा बंधनकारक असतो. आश्रमशाळेच्या रोजच्या कारभारात हे येत नाही. आश्रमशाळांमधील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. आरोग्य, आहार, सुरक्षितता यांवर त्यानंतर चर्चा झाली. पण ‘सुट्टीत या मुलाला न्यायला कोण येते’ हा साधा प्रश्न प्रत्येक पटावर विचारला, तर काळजीची गरज असलेली मुले तिथेच सापडू शकतात.

गाव पातळीवरील समित्या काय करतात?

गावासाठी ग्राम बाल संरक्षण समितीची रचना आहे. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. शिक्षक, आशा, पोलीस पाटील यांनाही तिच्याशी जोडले आहे. राज्यात १ लाख १० हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. म्हणजे सरकारी यंत्रणेचा इतका दूरवर पोहोचलेला दुसरा हात क्वचितच असेल. बालविवाह रोखण्याची जबाबदारीही ग्रामीण भागात ग्रामसेवकावर, अर्थात आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर आहे.

गरजही मोठी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांआधी झाल्याचे आढळले. बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. ऊसतोडीला जाताना मुलगी कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न अनेक घरांत लग्नाने सोडवला जातो. त्यासाठीच हंगामी वसतिगृहांची सोय सुरू झाली.

पण गावातल्या गावात तक्रार करणे सोपे नसते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, तो सेविकेचा दीर किंवा सरपंचाचा भाऊबंद असू शकतो. सेविकेने नाव कळवले, तर तिला त्याच गावात राहायचे असते. त्यामुळे समिती कागदावर राहण्याचे कारण दरवेळी निष्काळजीपणा नसतो. पाठीशी तालुक्याचे कोणी उभे नाही, हेही असते.

इतर देशांचा धडा काय?

दुर्गम भागातील मुलांना संरक्षणाच्या नावाखाली दूर नेल्याची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली आहे. तेथील आदिवासी समाजाची मुले अनेक दशके सरकारी धोरणाने कुटुंबांपासून तोडली गेली. १९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाने ते समोर आणले आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. मूल घरातून हलवावेच लागले, तर आधी नातेवाईक, मग त्याच समाजातील कुटुंब, मग अन्य आदिवासी कुटुंब, असा क्रम आता तिथे मान्य आहे. तरीही आदिवासी मुलांचे संस्थात्मक आणि पर्यायी काळजीतील प्रमाण तिथे आजही लोकसंख्येच्या तुलनेत फार अधिक आहे. कॅनडाने २०१९ मध्ये कायदा करून मूलनिवासी समाजांच्या प्रशासनांना बालकल्याणाचे अधिकार दिले. दोन्हीकडचा धडा एकच. तत्त्व कायद्यात लिहून भागत नाही. त्या समाजात, त्या ठिकाणी काम करणारी माणसे लागतात.

मग करता काय येईल?

नवा कायदा करण्याची गरज नाही. आहे त्याच कायद्यात वाटा आहेत. मोठ्या जिल्ह्यासाठी एकापेक्षा अधिक समित्या नेमता येतात. म्हणजे गडचिरोलीच्या दक्षिण भागासाठी अहेरीत दुसरी समिती नेमण्यास कायद्याची आडकाठी नाही. समितीपुढे न आलेल्या मुलांची स्वतःहून दखल घेऊन त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकार समितीला आहे; त्यासाठी किमान तीन सदस्यांचा निर्णय लागतो. समिती बसलेली नसेल, तेव्हा मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येते. सदस्य निवडताना दुर्गम तालुक्यांतील, स्थानिक बोली जाणणारी व्यक्ती घेतली, तर पहिला प्रवास तिथेच वाचतो.

तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून ठरलेल्या दिवशी बालसंरक्षणाचे शिबिर घेता येईल. तहसीलदार, गटविकास अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि जिल्हा कक्षाचा कर्मचारी एका छताखाली बसले, तर मृत्यू नोंद, उत्पन्न दाखला, बँक खाते आणि बालसंगोपनाचा अर्ज एकाच खेपेत मार्गी लागू शकतो. आश्रमशाळांच्या पटाची वर्षातून दोनदा, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीपूर्वी, अशी छाननीही होऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बालसंरक्षण यंत्रणेवर देखरेखीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे आली आहे. महसूल, आदिवासी विकास, शिक्षण आणि पोलीस या चारही विभागांना एकत्र बसवू शकणारा जिल्ह्यातला अधिकारीही तोच.

नागरिकांच्या बाजूने एक गोष्ट महत्त्वाची. पालकाविना सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांत न कळवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माहिती १०९८ किंवा ११२ वर, जवळच्या पोलीस ठाण्यात, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला देता येते. मूल परस्पर कोणाला सांभाळायला देणे किंवा समाजमाध्यमांवर त्याचा फोटो टाकून ‘दत्तक देणे आहे’ असे लिहिणे बेकायदा आहे. आणि आजी-आजोबांकडे वाढणारे एखादे मूल ओळखीत असेल, तर त्याच्यासाठी बालसंगोपनाचा अर्ज भरला आहे का, एवढी विचारपूसही त्याला घरातच ठेवायला मदत करू शकते.